डिसेंबरात सायकल भिंतीला टांगावी की ट्रेनरवर चढवावी?

माईनकाठी (फ्रँकफर्ट), धागाकर्ता

आमच्याकडे सध्या सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार, मधला उजेड मीटिंग रूमच्या काचेतून बघायचा. अशा दिवसांत आमच्या ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल, पळणं एका दमात) व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे कुणीतरी घामाने थबथबलेला फोटो टाकतं आणि खाली बाकीच्यांच्या अंगठ्यांची रांग लागते. मी तो ग्रुप नोव्हेंबर ते जानेवारी सरळ म्यूट करतो. मागच्या आठवड्यात एकाने त्यावरून "आळशी" म्हटलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की हिवाळ्यात मोटिवेशन कसं टिकवायचं, हा प्रश्नच चुकीचा आहे. कशाला टिकवायचं? तीन महिने सायकल भिंतीला टांगा, वेळापत्रक फाडा, वाटलं तर चालायला जा, नाही वाटलं तर रोमरबर्गच्या नाताळबाजारात जाऊन ग्लूवाइन (मसाल्याची गरम वाइन) प्या.

हे उगाच म्हणत नाहीये. तीन वर्षांपूर्वी मी उलटं करून बघितलंय. नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातून चार दिवस, तळघरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड). वर छताला पाण्याचे पाइप, समोर शेजाऱ्यांची बटाट्याची पोती, दोन पंखे लावूनही घामाची धार. रात्री दहानंतर आवाज करायची सोय नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या आजी दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी चिकटवतात (जर्मन भाषेत इतकी सभ्य चिठ्ठी लिहिता येते हे मला तेव्हा कळलं). मार्चमध्ये सायकल सर्व्हिसिंगला नेली तर हेडसेटचा (हँडलच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगचा) बोल्ट निघेना. पाच महिन्यांच्या घामाने गंजून बसला होता. मेकॅनिकने तो ड्रिलने काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी सायकल समुद्रात ठेवली होती.

एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, वॅटमध्ये) वाढला, नाही असं नाही. चांगला बारा वॅटने वाढला. पण एप्रिलमध्ये पहिलं खरं ऊन पडलं, सगळे ताउनुसच्या डोंगरांकडे निघाले आणि मला सायकलकडे बघवेना. ऑगस्टच्या ऑलिम्पिक अंतराच्या शर्यतीत (दीड किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं) आदल्या वर्षीपेक्षा सहा मिनिटं जास्त लागली. पुढच्या हिवाळ्यात काहीच केलं नाही. जानेवारीअखेर पोट सुटलेलं, पण फेब्रुवारीत हात शिवशिवायला लागले. तेव्हापासून हाच नेम.

येत्या जूनअखेरीस इथलीच पूर्ण आयर्नमॅन आहे. ३.८ किमी पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. तरीही नेम मोडणार नाही. बोला.

बर्फातला_बगळा (मिसिसॉगा, कॅनडा)

पूर्ण असहमत.

ऑलिम्पिकपुरतं ठीक आहे हो. फेब्रुवारीत उठून ऑगस्टची शर्यत कुणीही मारेल. पण १ फेब्रुवारी ते जूनअखेर म्हणजे २१ आठवडे. त्यातला एक आजारपणात जातो, एक ऑफिसच्या दौऱ्यात, शेवटचे दोन आराम म्हणून सोडायचे. राहिले सतरा. सतरा आठवड्यांत शून्यावरून १८० किलोमीटर आणि वर मॅरेथॉन? करालही, पण शेवटचे वीस किलोमीटर चालत कराल.

आणि तळघराला नावं ठेवू नका. आमच्या ओंटारिओतला लायोनेल सँडर्स तळघरातल्या ट्रेनरवर आणि ट्रेडमिलवर तयारी करून २०१७ साली हवाईतल्या कोनाच्या जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत दुसरा आला.

तुमची अडचण ट्रेनर नाही, एकटेपणा आहे. आम्ही चौघं शनिवारी पहाटे साडेपाचला झ्विफ्टवर (ट्रेनरवरून एकत्र सायकल चालवायचं ऑनलाइन ॲप) भेटतो. एक इथलाच, एक अमेरिकेतल्या एडिसनचा, एक नाशिकचा. नाशिकवाल्याचे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, तो चहा पिऊन ताजातवाना येतो आणि आम्हाला शिव्या घालत पुढे पळतो. फोनवर कॉल चालू असतो. अर्धा वेळ कांद्याचे भाव, कुणाच्या तरी सासऱ्यांचा व्हिसा, कुणाचं घर विकलं जात नाहीये. मी गप्पांसाठी जातो, वॅट आपोआप होतात. एखादा शनिवार चुकवला की सोमवारपर्यंत फोनवर टोमणे. बाहेर उणे पंधरा असताना मला गादीतून उठवतात ते हे टोमणे.

माईनकाठी

२०१७ ला दुसरा सँडर्स, मान्य. पहिला कोण होता तेही लिहा की. पाट्रिक लांगे, आमच्या हेसन राज्यातला. पण ते जाऊ दे. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, आपलं नाही. माझा पगार ऑफिसात सॅप सॉफ्टवेअर चालवून येतो.

खडकवासला_रिटर्न (पुणे)

दोघांचं वाचून मजा वाटली. इथे मी अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून लिहितोय.

आमच्याकडे हे सगळं उलटं आहे आणि आम्ही ते उलटं असल्याचं कुणी मान्य करत नाही. गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्धी आयर्नमॅन: १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं) २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती ऑक्टोबर नाहीतर नोव्हेंबरात असते. म्हणजे खरी मेहनत कधी? जून ते सप्टेंबर, भर पावसात. सिंहगडाच्या घाटात वरून दगड येतोय का बघत चढायचं, उतरताना ब्रेकपॅड साबणासारखे झिजतात, घरी आल्यावर चेनमधून अर्धा वाटी वाळू निघते. आणि मीरामारला शर्यत उरकली की मंडळी परदेशी कोचच्या पीडीएफमध्ये लिहिलंय म्हणून "विंटर ऑफ-सीझन" घेतात. अरे, डिसेंबरची पुण्याची हवा! सकाळी बारा-तेरा डिग्री, रस्ते कोरडे, मुळशीला धुकं. वर्षातले सायकलचे सर्वांत चांगले आठ आठवडे, आणि आमचे लोक गादीत. कारण काय, तर बर्फ पडतो. कुठे? अमेरिकेतल्या बोल्डरला.

विश्रांती घ्या, नको कोण म्हणतंय. पण ती शर्यतीनंतर घ्या, कॅलेंडर बघून नको. माईनकाठी, तुमची शर्यत ऑगस्टमध्ये संपली. सप्टेंबर-ऑक्टोबर काय केलंत? उजेड होता तेव्हा?

एक कबुली मात्र देतो. उघड्यावरच्या टँकमध्ये डिसेंबरात सकाळी सहाला उतरायचं म्हणजे... पहिले पन्नास मीटर मी पोहत नाही, किंचाळत जातो. पोहणं मी जानेवारीअखेरपर्यंत सोडतो. मुंबई मॅरेथॉनचं निमित्त आहेच.

तांबडा_रस्सा (कोल्हापूर)

काय राव, थंडीत भूक लागती, माणसानं खावं. तीन महिन्यांत सहा किलो वाढलो तर फेब्रुवारीत उतरवायला काहीतरी शिल्लक पाहिजे का नको? धागाकर्त्यांना आपला पाठिंबा. आमची पोरं राजाराम तलावात बारमाही पोहतात, त्यांना कुणी मोटिवेशन विचारलं तर कुठल्या दुकानात मिळतं म्हणतील.

गुडघा_बोलतोय (नागपूर)

मी फिजिओथेरपिस्ट. दोन्ही पक्षांचे पेशंट माझ्याकडे येतात. बगळ्यासारखे जानेवारीत, माईनकाठींसारखे मार्चमध्ये.

बंद केल्यावर सर्वांत आधी उतरतो तो रक्तातला द्रवाचा भाग, प्लाझ्मा. पहिल्या दोन आठवड्यांतच. त्यामुळे हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि तोच वेग जड वाटायला लागतो. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) दोन-तीन आठवड्यांत घसरायला लागतो. पण वर्षानुवर्षं तयार झालेलं स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं इतक्या लवकर मोडत नाही. म्हणून जुना खेळाडू लवकर परत येतो. धागाकर्ते "फेब्रुवारीत हात शिवशिवतात" म्हणतात ते या जुन्या पुंजीवर. पहिल्या वर्षीच्या माणसाने त्यांचं ऐकू नये.

आता दोघांनाही न आवडणारं सांगतो. १९८० च्या दशकात यावर प्रयोग झाले. आठवड्याचे सहा दिवसांचे व्यायाम दोनवर आणले, तरी व्हीओटू मॅक्स पंधरा आठवडे टिकला. अट एकच, तीव्रता कमी करायची नाही. दिवस तेवढेच ठेवून तीव्रता उतरवली तेव्हा मात्र घसरला. म्हणजे बगळासाहेब, तुमच्या त्या चार जणांच्या गप्पा मारत केलेल्या दीड तासाने मन रमत असेल, इंजिन टिकवायला तो पुरेसा नाही. आणि माईनकाठी, आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास, त्यातली वीसेक मिनिटं बोलता येणार नाही अशी, एवढंच लागतं. वरच्या आजी झोपायच्या आत होईल.

पळणं अगदीच सोडू नका. हृदय चार आठवड्यांत परत येतं, पिंढरीच्या खालची कंडरा (टाचेला जोडणारा टेंडन) येत नाही. मार्चमधले माझे पेशंट हेच. दम असतो, टाच धरते.

बर्फातला_बगळा

गप्पांमध्ये शेवटचा चढ असतो हो, तेव्हा कुणी बोलत नाही. नाशिकवाला तर अजिबात नाही.

तिसरी_शिट्टी (लेस्टर)

मी ट्रायथलीट नाही. माझे अहो आहेत. त्यामुळे या चर्चेत सगळ्यांत जास्त अनुभव माझा.

एप्रिल ते सप्टेंबर आमच्या घरी रविवार नसतो. पहाटे पाचला स्वयंपाकघरात ब्लेंडर सुरू होतं. दुपारी एकला दारात चिखलाने माखलेली सायकल आणि मागून "पाच मिनिटं आडवा होतो". ती पाच मिनिटं चारला संपतात. फ्रीजमध्ये जेलची पाकिटं, बाल्कनीत वाळत घातलेला वेटसूट, त्याला मांजर घाबरतं. मुलाच्या फुटबॉलला कोण जातं, हे मी सांगायची गरज नाही.

मग ऑक्टोबर येतो आणि माणूस घरी येतो. फोडणीला कढीपत्ता कधी घालतात हे त्याला पुन्हा आठवतं. दिवाळीत शंकरपाळी लाटायला बसतो, वाकडी का होईना. मागच्या वर्षी कुणाचं तरी ऐकून त्याने हिवाळ्यासाठी ट्रेनर आणला, बैठकीत, टीव्हीसमोर! मी काही बोलले नाही. त्यावर धुतलेले कपडे वाळत घालायला लागले. इथे हिवाळ्यात कपडे कुठेच वाळत नाहीत. हँडलबारला मोजे फार छान बसतात.

तर माईनकाठी, तुमच्या बाजूने मत. पण तुमच्या एवढ्या लांब लेखात आजी आल्या, मेकॅनिक आला, शेजाऱ्यांचे बटाटे आले. घरची माणसं नाही आली. ती तळघराच्या वर राहतात ना?

तांबडा_रस्सा

वहिनी, एक नंबर. मोजे हँडलबारला... हसून मेलो.

खडकवासला_रिटर्न

बायकोला वाचून दाखवलं. चूक झाली.

माईनकाठी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

खडकवासला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सायकल चालवली, भरपूर चालवली, उजेड होता म्हणून. म्हणजे विश्रांती शर्यतीशी न बांधता अंधाराशी बांधली, हे तुमचं बरोबर पकडलंत. पण ते मला चूक वाटत नाही. सव्वाआठचा सूर्योदय पुण्यात बसून समजणार नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण आळशी झालो. मग लक्षात आलं की नोव्हेंबरात अख्खं ऑफिस तसंच असतं, फक्त कुणी बोलत नाही.

गुडघा, टाचेचं वाचून गप्प झालो. मागच्या मार्चमध्ये डावी टाच तीन आठवडे सकाळी टेकवत नव्हती, मी बुटांना दोष दिला होता. नवे बूट घेतले, १६० युरोचे. आठवड्यातून दोनदा पळेन. ट्रेनर नाही. त्यावर अजून ठाम आहे.

शिट्टीताई, खरंय. ही तळघराच्या वरच राहते. धागा टाकायच्या आधी तिला वाचायला दिला होता, "छान लिहिलंयस" म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. आता कळलं.

बगळा, सतरा आठवड्यांचा हिशेब मात्र डोक्यातून जात नाहीये. काल रात्री वही काढून मीही मोजले. माझे सोळाच आले, ईस्टरला भारतात जायचंय.

बर्फातला_बगळा

मग या शनिवारी. आमचे साडेपाच म्हणजे तुमचे सकाळचे साडेअकरा, भर उजेड. आजींची झोपही मोडणार नाही. सायकल भिंतीवरून काढा, बोल्टला ग्रीस लावा.

माईनकाठी

शनिवारी साडेअकराला मुलीचं जिम्नॅस्टिक असतं. आत्तापर्यंत ही न्यायची. या वेळी मी नेणार आहे, कबूल करून बसलोय. रविवारी भेटता का?

बर्फातला_बगळा

रविवारी नाशिकवाला नसतो, त्याच्याकडे पाहुणे असतात. विचारून सांगतो.