डुकराच्या रक्तातील दुहेरी टी-पेशी थायमसमधून अर्धवट अवस्थेत निसटलेल्या असतात का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पशुवैद्यक)

नमस्कार. मी सध्या डुकरांच्या रक्तातील टी-पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरील रेणूंना चकाकणारे रंग लावून त्या मोजण्याची तपासणी, करीत आहे. आम्ही शिकलो ते बहुतेक उंदरांवरच्या अभ्यासातून आलेले आहे: पूर्वपेशी अस्थिमज्जेतून थायमस ग्रंथीत येतात, तिच्या बाह्यस्तरात सीडी4 आणि सीडी8 हे दोन्ही रेणू एकाच वेळी धारण करतात, निवडीतून (निकामी किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी गाळण्याच्या प्रक्रियेतून) तगल्या की त्यांपैकी एक सोडून देतात आणि मगच रक्तात उतरतात. असे असताना सहा महिन्यांच्या निरोगी डुकरांच्या नमुन्यांत दोन्ही रेणू असलेल्या पेशींचा ठळक पुंजका मला दर वेळी दिसतो. रंगांची सरमिसळ होत असावी म्हणून मी कॉम्पेन्सेशन (त्या सरमिसळीची दुरुस्ती) तीनदा तपासले, तरी पुंजका जागचा हलत नाही. डुकराच्या थायमसमधील निवड सैल असते, असा याचा अर्थ घ्यावा का? शिवाय गॅमा-डेल्टा टी-पेशीही (ज्यांचा ग्राही गॅमा व डेल्टा या साखळ्यांचा असतो) अपेक्षेपेक्षा फार जास्त येत आहेत.

उत्तर (रोगप्रतिकारशास्त्राचे अध्यापन करणारे)

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र तसा काढू नये. थायमसमधील दुहेरी पेशी आणि रक्तातील दुहेरी पेशी यांचे नाव एक असले, तरी त्यांची वाटचाल अगदी वेगळी आहे. थायमसच्या बाह्यस्तरातील कोवळ्या पेशींवर सीडी8 रेणूच्या अल्फा आणि बीटा अशा दोन्ही साखळ्या असतात व बरोबरीने सीडी1 हा रेणूही असतो. तुमच्या पुंजक्यातील पेशी या पूर्ण तयार होऊन, केवळ सीडी4 घेऊन बाहेर पडलेल्या साहाय्यक पेशी आहेत. त्यांची प्रतिजनाशी (त्या ज्याला ओळखतात अशा जंतू इत्यादींच्या घटकाशी) गाठ पडली आणि त्या उद्दीपित झाल्या, की त्यांच्यावर सीडी8 ची फक्त अल्फा साखळी कमी प्रमाणात उमटते व पुढे स्मृतिपेशींवरही टिकून राहते. म्हणून पुढच्या वेळी सीडी8-बीटाविरुद्धचे प्रतिपिंड जरूर वापरा, म्हणजे हा फरक तुमच्याच आलेखावर दिसेल. त्या जोडीला सीडी27 या रेणूचे प्रतिपिंड घेतल्यास स्मृतिपेशींचे प्रकारही वेगळे करता येतील.

नवजात पिलांच्या रक्तात अशा दुहेरी पेशी अत्यल्प असतात आणि वयाबरोबर वाढत जातात, तर जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिलांत त्या जवळजवळ दिसतच नाहीत. थायमसमधून गळती होत असती, तर ग्रंथी सर्वांत जोमात असते त्या कोवळ्या वयातच त्यांची संख्या सर्वाधिक भरली असती.

गॅमा-डेल्टा पेशींविषयी: माणूस आणि उंदीर यांच्या रक्तात त्या सहसा थोड्याच असतात. डुक्कर, गाय, मेंढी आणि कोंबडी यांच्यात मात्र त्यांचे प्रमाण मोठे असते. लहान डुकरांत तर रक्तातील टी-पेशींपैकी जवळपास निम्म्याही त्याच असू शकतात. त्याही थायमसमध्येच घडतात, परंतु दुहेरी अवस्थेच्या लांब वळणाने जात नाहीत. डुकराचा गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा असतो आणि गर्भाच्या थायमसमध्ये प्रथम गॅमा-डेल्टा पेशी व त्यानंतर काही दिवसांनी अल्फा-बीटा पेशी (ज्यांचा ग्राही अल्फा व बीटा साखळ्यांचा असतो अशा टी-पेशी) दिसू लागतात. डुकराच्या वारेतून मातेची प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, ती पिलाला जन्मानंतर चिकातूनच मिळतात; त्यामुळे गर्भातील हा सारा घटनाक्रम मातृप्रतिपिंडांच्या प्रभावाविना पाहता येतो. या प्राण्याविषयी मला विशेष आस्था वाटते ती यामुळेच.

उत्तर (विकृतिशास्त्र)

तुलनेसाठी थायमसचा नमुना घेणार असाल, तर छातीच्या पोकळीत शोधत बसू नका. लहान डुकरात या ग्रंथीचा मोठा भाग मानेत असतो. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी फिकट, मऊ, बारीक खंडिकांचे दोन पट्टे छातीच्या प्रवेशद्वारापासून थेट घशापर्यंत गेलेले दिसतात. घाईत ते लाळग्रंथी किंवा चरबी समजून बाजूला सारले जातात, हे मी शवविच्छेदनाच्या टेबलावर अनेकदा पाहिले आहे. आजारी किंवा ताणाखाली असलेल्या पिलाचा नमुना टाळावा, कारण कॉर्टिकोस्टेरॉइड संप्रेरकांपुढे बाह्यस्तरातील दुहेरी पेशी सर्वांत आधी मरतात. पीआरआरएस (डुकरांच्या प्रजनन व श्वसनसंस्थेचा रोग) विषाणूच्या तीव्र संसर्गातही ग्रंथी आक्रसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यस्तराची पट्टी अरुंद झालेली आढळते. अशा ग्रंथीतील पेशींच्या टक्केवारीवरून निवडीविषयी काहीही ठरवता येणार नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. सीडी8-बीटाचे प्रतिपिंड मागवते आहे. सीडी1 चा रंग रक्ताच्या नमुन्यातही लावावा का?

उत्तर (रोगप्रतिकारशास्त्राचे अध्यापन करणारे)

जरूर लावा, आणि त्याच दिवशी थायमसच्या पेशी त्याच नळ्यांच्या संचात शेजारी ठेवा. रक्तातील दुहेरी टी-पेशी सीडी1-रहित आणि थायमसमधील बहुसंख्य दुहेरी पेशी सीडी1-युक्त दिसल्या, की गळतीची शंका उरणार नाही.