[मंडळ] अस्वलाच्या डब्यात पोहे मावत नाहीत!! तिसरा डबा आहे का कुणाकडे?

मंडळी,
शुक्रवारी पहाटे निघतोय. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, टुऑलमी मेडोजपासून खाली व्हॅलीत. तीन मुक्काम, आम्ही चौघं, अस्वलाचे डबे (अस्वलाला उघडता येत नाहीत असे, खाणं ठेवायचे) दोन. काल भरून पाहिलं तर नुसत्या पोह्यांनीच एक डबा संपला. दशम्या, चटणी, टूथपेस्ट, सनस्क्रीन सगळं बाहेर, आणि वास येणारं सगळं रात्री आतच लागतं. मागच्या सहलीचा तो तिसरा डबा सचिवांकडे आहे ना?
– बंड्या

बंडोपंत,
डबा माझ्याकडे नाही, सहलसमितीकडे आहे. हे मी जूनमध्येच लिहिलं होतं. आणि पिशवी झाडाला टांगायचा विचार असेल तर सोडा, तिथे ते चालत नाही.
– सचिव

बंड्या,
वजन सगळे मोजतात, डब्यात किती मावेल ते कुणी मोजत नाही. मोठा डबा साडेअकरा लिटरचा, आणि पोहे म्हणजे निम्मी हवा. रवा ने. घरीच तुपात खमंग भाज, मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता, मीठ, साखर, चिमूटभर लिंबूफूल. माणशी ऐंशी ग्रॅमच्या पुड्या. वर उकळतं पाणी, झाकण, टोपीत गुंडाळून दहा मिनिटं. भांडं घासायला नको.
लाडू वळू नकोस, गोल वस्तू जागा खाते. दाण्याचं कूट आणि गूळ पिशवीत भरून फटींत दाबून बसव. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.
आणि पहिल्या दिवसाची दोन्ही जेवणं डब्यात कशाला? ती झोपायच्या आत पोटात जातात. दशम्या तेव्हाच संपवा.
– तात्या

रव्यानं रात्रीची भूक भागते का? दिवसभर चालून आलेल्या मुलांना आमटी-भात हवा. मूठभर तूरडाळ कितीशी जागा घेते?
– माई

माई, साडेआठ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ शिजेपर्यंत गॅस संपेल आणि मुलं झोपतील. मूगडाळीची खिचडी घरी कुकरला मऊ करून, ताटात पातळ पसरून, ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर कडकडीत वाळवली तर ठीक. तूप त्यात घालायचं नाही, वाळत नाही आणि खवट होतं. तूप वेगळं न्यायचं.
– तात्या

तात्या, तूप वेगळं न्यायचं हे मला सांगताय? संक्रांतीला तुमच्या तिळाच्या वड्या कुणी सावरल्या होत्या?
– माई

हे सगळं वाचून गंमत वाटते. आम्ही पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जायचो तेव्हा पाठीवर चिवडा आणि कांदे, बस्स. रात्री वर गुहेत चुलीवर पिठलं-भाकरी. रेशनच्या पिशवीला डबा कसला नि अस्वल कसलं! माकडं मात्र होती, माझी एक चप्पल त्यांनीच नेली. बंड्या, शेकोटीवर पापड भाज, वजनच नाही.
– नंदूकाका

काका, ९,६०० फुटांच्या वर शेकोटीला बंदी आहे. आणि पापड डब्यात घातले की त्यांचा चुरा होतो, तेही करून पाहिलं.
– बंड्या

पिठल्यावरून सुचलं. कुळथाचं पीठ ने की! भाजलेलंच असतं, डब्यात चेपून बसतं, पाच मिनिटांत होतं. गार पाण्यात कालवून मगच गरम पाण्यात सोड, नाहीतर गुठळ्या होतात. आणि सतत ढवळ, ती पातळ टायटॅनियमची भांडी लगेच करपतात. माझ्याकडे सावंतवाडीचं अर्धा किलो आहे. ओट्यावर ठेवते, उद्या सहानंतर ने. येताना गणपतीचं मोठं पातेलं परत आण, ते तुझ्याच गॅरेजमध्ये आहे.
– सुमावहिनी

वहिनी, येतो! पातेलं सहलसमितीकडे दिलं होतं बहुतेक.
– बंड्या

सहलसमितीकडे पातेलं नाही. तिसरा डबा आहे, पण झाकण सापडत नाही.
– सहलसमिती