भातखाचरातल्या लांडगा कोळ्याचा आहार: डीएनएचे रीड (यंत्राने वाचलेले तुकडे) बहुतेक कोळ्याचेच येतात

खाचरकाठ
नमस्कार मंडळी. भातातला लांडगा कोळी (पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा) तपकिरी तुडतुड्यांखेरीज आणखी काय खातो, हे पोटातल्या डीएनएवरून बघायचंय. कोळी भक्ष्यावर पाचक रस सोडून पातळ झालेलं शोषतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काहीच ओळखू येत नाही. कोळी हातजाळीने धरून एकाच बाटलीत 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेत, अख्खे वाटून डीएनए काढलाय. सीओआय (प्राण्यांची जात ओळखायला वापरतात तो जनुक) याचा 313 बेसचा तुकडा लेरे प्रायमरने (वाढवायचा भाग ठरवणारा डीएनएचा छोटा धागा) वाढवला, तर मायसेक या सिक्वेन्सिंग यंत्रावर बहुतेक रीड कोळ्याचेच. काय बदलू?

पिपेट_२०
प्रायमरच्या आधी बाटली बदला. अल्कोहोलमध्ये जिवंत पडलेला कोळी पोटातलं ओकू शकतो आणि ते शेजाऱ्यांच्या अंगाला लागतं. हातजाळीत तर त्याहून वाईट: तुडतुडे चिरडतात, त्यांचे पाय कोळ्याच्या केसांत अडकतात, शिवाय जाळीतच एकमेकांना खाणं चालतं. हे नमुने आहाराच्या कामाला घेऊ नका. चुडाच्या बुंध्याशी एकेक कोळी थेट नळीत धरा. एक कोळी, एक नळी. आधी बर्फावर गारठवा, मग 95 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल घाला आणि उणे 20 अंशांवर ठेवा. 70 टक्क्यांत पाणी इतकं असतं की डीएनए तुटत राहतो, आणि भक्ष्याचा मुळातच तुटका असतो.

अख्खा कोळी वाटायचा नाही. फक्त उदर घ्या. आतड्याचे फाटे शिरोवक्षातही (डोकं आणि छातीचा पुढचा भाग) जातात खरे, पण तिथे कोळ्याचा स्वतःचा स्नायूच जास्त. एक पाय वेगळा ठेवा, कोळ्याची ओळख त्यावरून पटते. डीएनए काढायच्या नेहमीच्या कॉलम किटमध्ये 180 मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारा द्राव), 20 मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), 56 अंशांवर रात्रभर. उदर 25 मिलिग्रॅमच्या वर असेल तर दोन नळ्यांत विभागा, नाहीतर कॉलम तुंबतो. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) फसला तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. उदरातली चरबी आणि रंगद्रव्यं आड येतात. प्रत्येक खेपेला एक रिकामी नळी कोळ्याविना सगळ्या टप्प्यांतून न्यायची. ती पाळली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

तिसरा_बेस
आता प्रायमर. कोळ्याचा डीएनए अखंड आणि भरपूर, भक्ष्याचा चिमूटभर, त्यामुळे सगळ्यांवर बसणारा प्रायमर कोळ्यालाच उचलणार. उपाय म्हणजे प्रायमरचं 3' टोक (जिथून प्रत वाढत जाते ते) कोळ्याशी जुळू न देणं. 2020 मधला नोस्पाय-2 किंवा टेल्पेरियन-लॉर ही जोडी यासाठीच आहे. पण ज्या कुळावर तपासलेत ते तुमचं असेलच असं नाही. आधी पार्डोसाच्या सीओआयवर ठेवून शेवटचे तीन-चार बेस डोळ्यांनी बघा, मग अ‍ॅनीलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान एकेक अंश वाढवत जा. कोळ्याच्या डीएनएवर बसून त्याची वाढ रोखणारा, टोकाला सी-3 स्पेसर लावलेला ब्लॉकिंग प्रायमरही चालतो, फक्त तो कोळ्याशी साम्य असलेलं भक्ष्यही दाबतो.

किंमत एकच: कोळ्याने खाल्लेले कोळी दिसेनासे होतात. खाचरात हे थोडं नसतं. म्हणून निम्मे नमुने साध्या प्रायमरनेही चालवा. स्वजातिभक्षण मात्र कुठल्याच प्रायमरला दिसणार नाही.

रीड गाळताना 313 पासून तीनच्या पटीतलाच फरक ठेवा, आणि मध्ये स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी तीन बेसची खूण) आला की तो केंद्रकात शिरलेला खोटा तुकडा समजून टाका. भाषांतराला (बेसवरून प्रथिन काढायला) जनुकीय कोडचा तक्ता 5, म्हणजे अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा, वापरा. नेहमीच्या तक्त्याने चांगले तुकडेही फुकट जातात. टॅग (नमुना ओळखायला जोडलेले बेस) दोन्ही टोकांना वेगळे हवेत, नाहीतर एका नमुन्याचे रीड दुसऱ्यात उड्या मारतात.

चूडमोजणी
फक्त ‘तुडतुडे खातो का’ एवढंच विचारायचं असेल तर सिक्वेन्सिंग कशाला? तुडतुड्यापुरता 100 ते 250 बेसचा प्रायमर, साधा पीसीआर आणि जेल, काम झालं.

रीडची संख्या म्हणजे खाल्लेल्या किड्यांची संख्या नव्हे. किती कोळ्यांत सापडलं तेवढंच मोजा. तेही किती तासांपूर्वीचं, हे कळायला चाचणी लागते: आठवडाभर उपाशी ठेवलेल्या कोळ्याला एक तुडतुडा द्या, मग 0, 6, 12, 24, 48, 96 तासांनी आठ-दहा कोळी मारून किती पॉझिटिव्ह येतात बघा. खाचराच्या तापमानालाच करा. गारव्यात पचन मंदावतं, खूण जास्त टिकते.

ड्रायनिड गांधीलमाशीचा (तुडतुड्यांवरची परजीवी) डीएनए निघाला तर दचकू नका. तिची अळी पिशवीसारखी तुडतुड्याच्या अंगाला चिकटलेली असते, कोळ्याने दोन्ही एकदमच शोषली असणार. मेलेला किडा खाल्ला की जिवंत, हेही डीएनए सांगत नाही.

खाचरकाठ
आभार. उदर वाटलं तर मादीची ओळख कशी पटवायची? एपिजिन (मादीचा जननेंद्रियाचा भाग, ज्यावरून जात ओळखतात) तिथेच असतो ना?

पिपेट_२०
हो. आधी खालच्या बाजूचा फोटो, मग ज्वाळेवर तापवून थंड केलेल्या टोकदार चिमट्याने एपिजिन सोडवून वेगळ्या नळीत इथेनॉलमध्ये ठेवा. उदराची भिंत फाटली तर बाहेर आलेला रसही लायसिसच्या नळीतच जाऊ दे, भक्ष्य त्यातच आहे. नराचे पाल्प (तोंडाजवळची पायांसारखी अवयवजोडी, नराची ओळख त्यावरून) पुढे असतात, त्यांना धक्का लागत नाही. पण प्रौढ नर कमी खातात; नमुन्यात माद्या आणि पिल्लं जास्त घ्या, पिल्लांची ओळख पायाच्या बारकोडवरून.