आगमनकाळात घरी काय वाचावं: लूकचं पारायण की नेमलेले पाठ?

फतेगंजकर: आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार धरून येणारे आठवडे. त्यात घरी वाचायला लूकचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक) सोयीचं. त्याचे अध्याय बरोबर २४. १ डिसेंबरपासून रोज एक घेतला की नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक पूर्ण. तक्ता नको, चुकलेला अध्याय तारखेवरून सापडतो. शिवाय इथे बडोद्यात उपासना गुजरातीत आणि घरी शास्त्र (बायबल) मराठी, त्यामुळे ‘माथ्थी’ म्हणजे मत्तय हे सांगत बसावं लागतं. लूक दोन्हीकडे लूकच. घरच्या बैठकीला हाच क्रम बरा.

रावपुरा_वाचक: साफ विरोध. पारायण होईल, मनन होणार नाही. पहिला अध्याय ८० वचनांचा, नव्या करारातला सर्वांत लांब. जखऱ्या, गब्रिएल, मरीयेचं गीत, योहानाचा जन्म, सगळं एका संध्याकाळी उरकायचं? दुसऱ्या अध्यायात येशू जन्मलासुद्धा. मग ३ तारखेपासून वाट कुणाची पाहायची? कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) नेमलेल्या पाठांचा क्रम पाहा: १७ आणि १८ डिसेंबरला मत्तय १, मग १९ ते २४ लूक १ चे सहा तुकडे: ५–२५, २६–३८, ३९–४५, ४६–५६, ५७–६६, ६७–७९. एका तुकड्याला जेमतेम तीन मिनिटं, उरलेला वेळ विचाराला. आणि तुमच्या क्रमात २३ ला, करंज्या तळायच्या दिवशी, क्रूस!

फतेगंजकर: ती खोट नाही. बाळ येशू हातात घेऊनच शिमोन मरीयेला ‘तुझ्याही जिवातून तलवार जाईल’ असं सांगतो (लूक २:३४–३५). आणि रविवारच्या तीन वर्षांच्या पाठक्रमात (दर वर्षी मुख्यतः एक शुभवर्तमान) लूकच्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार लूक २१ नेच उघडतो, म्हणजे शेवटच्या काळाच्या वचनांनी. नुसता गोठा वाचायचा हा काळच नव्हे.

मांडवी_पोळ: दोघंही बडोद्याचं पंचांग विसरलात. कमुरता (लग्नं न लावण्याचा महिना) लागेपर्यंत, म्हणजे साधारण १५ डिसेंबरपर्यंत, लग्नाची आमंत्रणं असतात. बैठका बुडतात त्या याच पंधरवड्यात, आणि लूकची जन्मकथा नेमकी १ आणि २ तारखेला! १७ पासून माणसं घरी सापडतात. आधी फक्त रविवार धरा. मत्तयच्या वर्षी चार रविवारांना यशया २, ११, ३५ आणि ७ येतात, तेच घ्या.

रावपुरा_वाचक: मान्य, पण यशया ७ नेमून दिल्याप्रमाणे १० ते १४ एवढाच वाचू नका. १ ते १७ सलग वाचा. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अराम आणि इस्राएलचे राजे यहूदाचा राजा आहाज याच्यावर चालून आले होते. १६ वं वचन गाळलं की ‘कुमारी गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल’ हे चिन्ह आहाजला का दिलं तेच कळत नाही, आणि बैठक ‘कुमारी’ शब्दावर अडते. इब्रीत ‘अल्मा’ म्हणजे तरुण स्त्री, ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी, आणि मत्तय १:२३ मध्ये हाच ग्रीक शब्द आहे. हे आधी सांगितलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर कुणी विचारलं तर रात्र जाते.

फतेगंजकर: मुलांसमोर आहाज नको, तो मोठ्यांच्या बैठकीत. ८० वचनं एका दमात नकोत, एवढं घेतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही येतो. २०२२ सारखा २७ ला आला तर चार दिवस जास्त मिळतात, पहिला अध्याय पाच बैठकांत वाटता येतो. २०२३ मध्ये तो ३ डिसेंबरला होता. अशा वर्षी रविवारची वाट न पाहता नोव्हेंबरअखेरीसच सुरुवात करायची. पण २३ चा क्रूस मी हलवणार नाही.

मांडवी_पोळ: आणि १० तारखेचं लग्न कोण हलवणार?