काउंटर सांभाळून एकाग्र काम कसं करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गुहागरकडच्या एका पतसंस्थेत आहे. कर्जाच्या फायली आणि काउंटर, दोन्ही माझ्याच गळ्यात.

व्याजाची आकारणी करायला घेतली की काचेखालून पासबुक सरकतं, "जरा एंट्री मारून दे गो!" ती मारते तोवर फोन, मग साहेबांचा व्हॉट्सॲप. परत फाइल ओढली की कुठल्या हप्त्यापर्यंत आले होते तेच शोधत बसायचं. मे महिन्यात चाकरमानी आले की विचारूच नका. दुपारी लाइट गेली की पंखा बंद, घामाच्या धारा. (दुपारी पेंग येऊ नये म्हणून जेवणात भात कमी करा असं कृपया सुचवू नका, माशाचं कालवण असताना ते होणे नाही.)

फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन माणसाची पोमोदोरो पद्धत वाचली: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. घरी छान जमते. पण समोर उभ्या माणसाला "थांबा, माझी दहा मिनिटं उरलीत" कसं सांगायचं? त्यातले अर्धे नात्यातले!

सकाळचा एक तास सहकाऱ्याने काउंटर बघावा, दुसरा तास मी, असं मनात आहे. बँकेत, पोस्टात, पंचायत समितीत कोणी असं करतं का? साहेबांना कसं पटवलंत? आणि काम मध्येच सोडताना खूण काय ठेवता? मोबाइलवरचं ॲप नको, मोबाइल आधीच ड्रॉवरमध्ये टाकलाय.