मदत हवी आहे: हैदराबादहून भेटवस्तू, बांगड्या की मोती? (तातडीचे)

चिंगीची_आई
सध्या हैदराबादला आहे. यांचं ट्रेनिंग आहे म्हणून सोबत आले. उद्याचाच दिवस मोकळा आहे. घरी सगळ्यांना काहीतरी न्यायचंय. चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या घेऊ की मोती? मोत्यांत फसवतात म्हणे. दुकान सांगा. प्लीज लवकर, रात्रीच यादी करायची आहे.

गोदाकाठचा
सगळे म्हणजे किती? बजेट? उतरलात कुठे? परत रेल्वेने की विमानाने? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

फोडणीचा_भात
काहीही घेऊ नका. पाकिटात पैसे घालून द्या. आमच्याकडे माळ्यावर चार गावांच्या 'आठवणी' धूळ खात पडल्यात.

चिंगीची_आई
@फोडणीचा_भात, असं विचारलंच नाहीये.
@गोदाकाठचा, सगळे म्हणजे घरातलेच. बजेट बेताचं.

तन्मणी
मोत्यांचं मी सांगते. हैदराबादेत मोती पिकत नाहीत, तिथे समुद्रच नाही. पूर्वी आखातातून बसऱ्याचे मोती यायचे आणि निजामाच्या काळात ते विंधणारे, ओवणारे कारागीर तिथे जमले. कसब आजही तिथलंच. माल मात्र बहुतेक चीनमधला, गोड्या पाण्यात शिंपल्यात वाढवलेला. दुकानदार त्यालाच 'रियल' म्हणतो आणि ते खरंही आहे, फक्त तो बसरा नव्हे. कुणी 'बसरा आहे, तुमच्यासाठी स्वस्तात' म्हणालं तर पायऱ्या उतरा.
पारख: मोती दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरा किंचित खरखरतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा सुळकन घसरतो. भोकापाशी नीट बघा. नकली असेल तर वरचा थर तिथे सोललेला दिसतो. आणि अख्ख्या सरात एकूण एक मोती तंतोतंत सारखा असून भाव स्वस्त, असं सहसा होत नाही.
तयार सेट घेऊ नका. नुसते सर घ्या आणि चिंचपेटी, तन्मणी आपल्या सोनाराकडून करून घ्या. तिथल्या तयार सेटची घडण आपल्याकडच्या बायकांना फारशी आवडत नाही.

लोखंडी_तवा
दाताबिताचं सोडा. लायटर धरायचा. खरा मोती जळत नाही. आमचे मामा असंच करायचे.

तन्मणी
मोती म्हणजे चुनखडीचाच प्रकार आहे. आच लागली की चमक जाते, तडा जातो. दुकानात लायटर काढलात तर तो सर तुमच्याच गळ्यात पडेल.

लोखंडी_तवा
मामांनी घेतलेले मोती अजून घरात आहेत.

तन्मणी
चमक आहे का त्यांना?

गोदाकाठचा
बाई, उतरलात कुठे ते अजून सांगितलं नाहीत.

चिंगीची_आई
गच्चीबावलीला. त्याने काय फरक पडतो?

गोदाकाठचा
अहो, फरक पडतोच. चारमिनार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कॅबने गेलात तर अर्धा दिवस रस्त्यात. रायदुर्गला मेट्रो पकडा, अमीरपेटला लाल लाइन, एमजीबीएसला उतरा, तिथून रिक्षा. आणि उद्या शुक्रवार! मक्का मशीद चारमिनारला लागूनच आहे. दुपारच्या नमाजाच्या वेळी त्या भागात शिरू नका, संध्याकाळी जा. दिवे लागल्यावर लाड बाजार बघण्यासारखा असतो. सालारजंग संग्रहालय बघायचा विचार असेल तर तेही शुक्रवारी बंद.

पुणेरी_कैरी
एवढं लांब जायचंच कशाला? गच्चीबावलीहून माधापूरचं शिल्पारामम जवळ. तिकीट काढून आत जायचं. कलमकारी, निर्मलची लाकडी खेळणी, पोचमपल्लीची ओढणी, सगळं एका ठिकाणी.

सिकंदराबादकर
तीस वर्षं इथे राहतोय म्हणून बोलतो. शिल्पाराममला अर्धा माल बाहेरच्या राज्यांतला असतो. आणि घासाघीस तिथेही करावीच लागते. ती जमत नसेल तर सरकारी 'गोलकोंडा'च्या शोरूममध्ये जा, भाव ठरलेला, पावती मिळते. घरातल्या पुरुषांसाठी बिदरीचं काहीतरी बघा, पेन स्टँड, छोटी डबी. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणावर चांदीची तार ठोकतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून काळं करतात. हातात घेतलं की जड लागलं पाहिजे. घरी आणल्यावर चिंच किंवा पितांबरी लावू नका, काळा रंग जाईल. खोबरेल तेलाचा हात पुरे.

पुणेरी_कैरी
बिदर तर कर्नाटकात.

सिकंदराबादकर
निजामाच्या राज्यात होतं. तुमचं औरंगाबाद आणि परभणीसुद्धा होतं.

गोदाकाठचा
आता इतिहास नको, धागा १७ सप्टेंबरवर, मुक्तिसंग्रामावर जाईल.

चिंगीची_आई
मी परभणीचीच. सासूबाई, दोन जावा, एक नणंद, शेजारच्या काकू आणि तीन भाच्या. दोन-अडीच हजारांत बसवायचंय. परत देवगिरी एक्सप्रेसने. आता तरी सांगा, बांगड्या की मोती?

तन्मणी
हे आधी सांगायचं ना! एवढ्यात आठ जणींना मोती विसरा. भाच्यांना फार तर मोत्याचे साधे टॉप्स.

कासाराची_लेक
मग बांगड्याच. पण माप माहीत आहे का? नसेल तर आत्ता फोन करा. लाखेची बांगडी ना दबते ना ताणते. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, तसंच 'दोन-सहा'. 'दोन-आठ' म्हणजे बरोबर अडीच इंच. त्यांच्या हातातल्या नेहमीच्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजून घ्यायला सांगा: साधारण ५७ मिलिमीटर म्हणजे दोन-चार, ६० म्हणजे दोन-सहा, साडेत्रेसष्ट म्हणजे दोन-आठ. जिचं माप मिळणार नाही तिला पेचाचं, म्हणजे स्क्रूने उघडणारं कडं.
खडे बोटाने दाबून बघा, हलणारा खडा गाडीतच पडतो. आणि उन्हात तापलेल्या गाडीत पिशवी ठेवू नका, लाख मऊ होते. या बांगड्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आता तेवढ्यावर दुप्पट भाव सांगतील. निम्म्यापासून सुरुवात करा.

थोरली_जाऊ
माझं ऐका. दोन्ही जावांना एकाच रंगाच्या, एकाच भावाच्या. वेगळं काही आणलंत की दिवाळीपर्यंत ऐकावं लागेल. नणंदेला मात्र जराशी भारी.

फोडणीचा_भात
म्हणूनच म्हणतो, पाकीट.

अत्तरवाला_नाही
सासूबाईंना मोगऱ्याचं अत्तर न्या. चारमिनारच्या आसपास दुकानं आहेत. मनगटाला लावून तासभर फिरा, मगच घ्या.

खादाड_पंत
बिस्किटांचं कुणी बोललंच नाही! उस्मानिया, दुसरं काही नाही. चारमिनारशेजारच्या निमराहमध्ये चहा घ्या आणि तिथूनच बांधून घ्या.

पुणेरी_कैरी
उस्मानिया तिथे चहात बुडवायलाच बरी. परभणीला नेण्यासारखी म्हणजे कराचीची फ्रूट बिस्किटं. मुअज्जम जाही मार्केटची मूळ बेकरी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबाने १९५३ मध्ये काढलेली. डबा चांगला असतो, देताना शोभतो.

खादाड_पंत
डबा खायचाय का?

सिकंदराबादकर
बिर्याणीचा वाद सुरू व्हायच्या आत थांबा.

चिंगीची_आई
मापं आली. सासूबाई दोन-आठ, जावा दोन-सहा, नणंदेने फोन उचलला नाही. यांना बिदरीचं नको, बिर्याणी हवी म्हणतात. देवगिरीत परभणीपर्यंत टिकेल का?

खादाड_पंत
त्याच दिवशीची असेल तर गाडीतच संपवा, परभणीपर्यंत नेऊ नका. दह्याची चटणी वेगळी बांधून घ्या.

नवा_सभासद
नमस्कार. मी जानेवारीत जाणार आहे. नुमाइश म्हणजे काय असतं? तिथे स्वेटर मिळतात का?

सिकंदराबादकर
नामपल्लीच्या मैदानावरचं मोठं प्रदर्शन, १ जानेवारीपासून साधारण दीड महिना. स्वेटर, लोणची, काश्मिरी शाली, पाळणे, सगळं मिळतं. पण दादा, वेगळा धागा काढा. आणि त्यात बजेट लिहा.