रोज घालायला डाईव्ह वॉच हवंय, पण चमको नको – सल्ला द्या

शांतनिळा

नमस्कार मंडळी. एकच चांगलं घड्याळ घ्यावं आणि तेच रोज घालावं असं बरेच दिवस मनात आहे. डाईव्ह वॉचच का, तर मी नियमित पोहतो, दर वेळी घड्याळ काढून ठेवायचा कंटाळा येतो, आणि रात्री अंधारात वेळ दिसलेली आवडते. खोल समुद्रात वगैरे उतरणार नाही, फार तर स्नॉर्केलिंग.

काम ऑफिसातलं. समोर माणसं बसलेली असतात, बोलताना हात टेबलावर असतो. माझ्याआधी माझ्या घड्याळाने बोलायला सुरुवात करू नये एवढीच अट. मनगट साडेसोळा सेंटिमीटर, वरून सपाट. अंगात बहुधा फुलबाह्यांचा शर्ट.

सध्याची यादी: रोलेक्स सबमरीनर (बिनतारखेचं), ओमेगा सीमास्टर डायव्हर ३०० एम, टूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट. फोटोत तिन्ही आवडतात, हीच अडचण. तारीख असावी की नको आणि टायटॅनियमचा खरंच काही फायदा आहे का, तेही सांगा. बजेट सबमरीनरपर्यंत ताणता येईल, पण ताणायलाच हवं असं नाही.

खोलपाणी

सबमरीनर घ्या. विषय संपला.

मनगटी

संपला कसा? त्यांना चमको नकोय, आणि तुम्ही जगातलं सगळ्यात ओळखीचं डाईव्ह वॉच त्यांच्या हातात बांधताय.

खोलपाणी

अहो, १९५३ पासूनचं डिझाइन आहे. काळी तबकडी, काळं बेझल (तबकडीभोवतीचं फिरणारं कडं), तारीख नाही, त्यामुळे तारखेवरचं ते भिंगही नाही. यात चमको काय? २०२० ला आलेलं १२४०६० मॉडेल पाहा: ४१ मिमी, पाण्याखाली ३०० मीटर, ७० तासांचा पॉवर रिझर्व्ह (काढून ठेवलं तरी तेवढं चालतं), दिवसाला फरक पडलाच तर अधिक-उणे दोन सेकंद. आणि त्याचा क्लॅस्प, म्हणजे ब्रेसलेटचा खटका, एकदा वापरला की दुसरे आवडत नाहीत. दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी ब्रेसलेट सैल-घट्ट होतं, हत्यार लागत नाही. उन्हाळ्यात मनगट सुजतं तेव्हा याची किंमत कळते.

काटेकोर

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या भपक्याबद्दल बोलताय. एक नावाचा भपका आणि एक उजेडाचा.

नावाचा भपका बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. समोरच्याला घड्याळातलं काही कळत नसेल तरी सबमरीनर तो ओळखतो, कारण त्याच्या नकला त्याने शंभर ठिकाणी पाहिलेल्या असतात. घड्याळ कितीही शांत असो, ओळख शांत नाही. शांतनिळा, तुमच्यासमोर रोज नवी माणसं बसत असतील तर हा मुद्दा सोडू नका.

उजेडाचा भपका मात्र घड्याळातच असतो आणि तो मोजता येतो. केसच्या कडा पॉलिश केलेल्या आहेत की ब्रश केलेल्या? ब्रेसलेटच्या मधल्या कड्या चकचकीत आहेत का? बेझल सिरॅमिकचं आणि तुकतुकीत असेल तर ट्यूबलाइटखाली ते आरशासारखं चमकतं. तेच अॅल्युमिनियमचं असेल तर उजेड पिऊन घेतं. शिवाय जाडी. बारा मिमीच्या आतलं घड्याळ बटण लावलेल्या कफखाली सरकतं, साडेतेरा मिमीचं तिथे अडतं. आणि एकदा अडलं की दिवसभर कफच्या बाहेरच राहतं, मग बाकी कितीही साधं असलं तरी सगळ्यांना दिसतं. माझ्या मते व्यासापेक्षा जाडी जास्त महत्त्वाची, पण दुकानात सगळे व्यासच विचारतात.

या चाळणीतून तुमची यादी घालून पाहू. ओमेगा डायव्हर ३०० एम ४२ मिमी, जाडी साडेतेराच्या आसपास. तबकडीवर लेझरने कोरलेल्या लाटा, पोकळ काटे, चकचकीत बेझल, दहाच्या आकड्याजवळ हीलियम व्हॉल्व्हची दुसरी चावी. यंत्र म्हणून पैकीच्या पैकी गुण: १५,००० गॉसचं चुंबकत्व सहन करतं, दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंदांत राहतं. पण तबकडीवर एवढं चाललेलं असतं की शांत म्हणवत नाही. ते घालणाऱ्यांनी रागावू नये, मलाही आवडतं. फक्त या धाग्याचं उत्तर ते नाही.

फिफ्टी-एट ३९ मिमी, जाडी ११.९. इथे गणित जमतं. बेझल अॅल्युमिनियमचं, त्यामुळे चमक कमी. एकच खोट: काळ्या आवृत्तीत काटे आणि खुणा सोनेरी झाकेच्या आहेत. काहींना ती ऊब वाटते, काहींना दागिना. निळ्यात ते सोनेरीपण नाही.

तुमच्या यादीत नसलेलं एक सुचवतो: टूडर पेलागोस ३९. २०२२ ला आलं. पूर्ण टायटॅनियम, केस आणि ब्रेसलेट दोन्ही ब्रश केलेलं, २०० मीटर, तारीख नाही, जाडी फिफ्टी-एटएवढीच. नावाची लाल ओळ सोडली तर तबकडीवर रंग नाही. उन्हात बेझलवर आणि तबकडीवर किरणांसारखी झाक येते, घरात ती दिसतही नाही.

अर्धातास

काटेकोर यांच्याशी सहमत, फक्त पेलागोस ३९ च्या जोडीला ब्लॅक बे फिफ्टी-फोरही बघा. ३७ मिमी, जाडी सव्वाअकराच्या आत. साडेसोळाच्या मनगटाला ३७ लहान वाटेल असं आधी सगळ्यांना वाटतं. १९५० च्या दशकातली बरीच डाईव्ह वॉचेस याच मापाच्या आसपास होती आणि ती घालून माणसं खरोखर पाण्याखाली काम करत होती.

सागरतळ

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी छंद म्हणून डायव्हिंग करतो. हौशी डायव्हरची नेहमीची मर्यादा ४० मीटर. त्यामुळे २०० मीटर तुम्हाला भरपूर झाले. ३००, ५०० या आकड्यांसाठी जास्त जाड केस विकत घेऊ नका. हीलियम व्हॉल्व्ह तर विसराच. दाबाच्या कोठडीत हीलियमच्या हवेत दिवसचे दिवस राहणाऱ्या सॅच्युरेशन डायव्हरांच्या घड्याळात तो वायू शिरतो, आणि दाब उतरवताना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडू शकते. त्यासाठी तो व्हॉल्व्ह. पोहण्याच्या तलावात हीलियम नसतो.

आयएसओ ६४२५ हे डाईव्ह वॉचचं खरं मानक. किमान १०० मीटर, लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाची चाचणी, पंचवीस सेंटिमीटरवरून अंधारात वाचता आलं पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे हे अंधारातही कळलं पाहिजे. सेकंद काट्यावर चमकणारा ठिपका असतो तो याचसाठी, शोभेसाठी नाही.

पण आकड्यापेक्षा सवयी महत्त्वाच्या. चावी पूर्ण फिरवून बसवल्याशिवाय पाण्यात जाऊ नका, आणि पाण्याखाली तिला हात लावू नका. गरम टबात किंवा सॉनात घड्याळ नको. गॅस्केट (पाणी आत येऊ न देणाऱ्या चकत्या) रबराची असतात, उष्णतेने आणि साबणाने ती लवकर म्हातारी होतात. क्लोरीनच्या किंवा खाऱ्या पाण्यातून आलात की साध्या पाण्याखाली धरा आणि बेझल दोन-चार वेळा फिरवा, नाहीतर खाली मीठ-वाळू साचून ते जाम होतं. वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्या. नियमित पोहणाऱ्याने हे टाळू नये.

मनगटी

आणि तारीख नसलेलीच बरी. तारीख म्हणजे दर छोट्या महिन्यानंतर चावी उघडणं, आणि चावी जितकी कमी उघडाल तितकं पाणी आत जायचं भय कमी. बऱ्याच यंत्रांत रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलायची नसते, दाते दुखावतात, ते लक्षात ठेवायची कटकट वेगळी.

टिकटिक

मला कळत नाही, एवढं सगळं करण्यापेक्षा स्मार्टवॉच घ्या ना. पोहलेलं अंतरही मोजेल.

खोलपाणी

आला बघा. प्रत्येक धाग्यावर एक असतोच. 😄

गंजनको

टायटॅनियमचं उत्तर कुणीतरी द्या. नाहीतर मीच देतो. घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे त्याच आकाराचं घड्याळ हातावर जवळजवळ जाणवत नाही. निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांना वरदान. रंग किंचित काळपट राखाडी, तोही तुमच्या अटीत बसतो. तोटा असा की ओरखडे पटकन दिसतात. टेबलाच्या कडेला क्लॅस्प घासतोच. ब्रश केलेल्या पृष्ठभागावर वर्षभरात ते एकमेकांत मिसळून जातात, पण पहिला ओरखडा जिवाला लागतो.

काहींना मात्र टायटॅनियमचं हलकेपण आवडतच नाही. एवढे पैसे मोजून हातात खेळणं आल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणून फोटो पाहून ठरवू नका, हातात घेऊन बघा.

निवांतमासा

थोडं वेगळं मत. घड्याळ डाईव्ह वॉचसारखं दिसलंच नाही तर? लाँजिन लेजंड डायव्हर बघा. २०२३ पासून ३९ मिमीत, बिनतारखेचं मिळतं. फिरणारं बेझल काचेच्या आत असतं आणि वरच्या दुसऱ्या चावीने फिरतं. बाहेरून साधं गोल घड्याळ, आत ३०० मीटर आणि आयएसओ ६४२५. केसला पॉलिश जरा जास्त आहे, कापडी किंवा चामडी पट्ट्यावर ते मवाळ होतं. आणि टूडरपेक्षा खिशाला हलकं.

सेको एसपीबी१४३ हेही तसंच लक्ष न वेधणारं, १९६५ च्या त्यांच्या पहिल्या डाईव्ह वॉचवरून घेतलेलं. राखाडी तबकडी, ४०.५ मिमी, कुणीही वळून बघणार नाही. वेळेचा नेमकेपणा मात्र वरच्यांइतका नाही, दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंद असं ते स्वतःच सांगतात. हातात येणारं घड्याळ बहुधा त्याहून बरंच चांगलं चालतं.

खोलपाणी

नावाचा भपकाच टाळायचा तर ब्लांपां फिफ्टी फॅदम्स का नाही? तेही १९५३ चं, फ्रेंच नौदलाच्या डायव्हरांसाठी घडलेलं, आणि शंभरात दोघांनाही ओळखता येणार नाही.

काटेकोर

नाव कुणी ओळखणार नाही हे खरं, पण उजेडाच्या भपक्याचं काय? बेझलवर सफायरचा फुगीर थर आहे, दिव्याखाली अंगठीसारखा लकाकतो. नेहमीचं मॉडेल कित्येक वर्षं ४५ मिमीचंच होतं, ४२ आत्ता कुठे आलं. आणि किंमत सबमरीनरच्याही वर. देखणं आहे, पण धागा भरकटतोय.

शांतनिळा

सगळ्यांचे आभार. शनिवारी वेगवेगळ्या दुकानांत जाऊन जवळपास सगळी हातात घालून पाहिली. मुद्दाम फुलबाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो.

ओमेगा कफला अडलं, काटेकोर म्हणाले तसंच. सबमरीनर हातावर इतकं नीट बसलं की मोह झाला. पण मी आरशात बघत होतो तेवढ्यात शेजारचे दोन अनोळखी गृहस्थ माझ्या मनगटाकडे बघून हसले आणि एकाने अंगठा वर केला. तिथेच निर्णय झाला, सबमरीनर बाद. फिफ्टी-एट काळं सोनेरी वाटलं, निळं आवडलं. फिफ्टी-फोर शर्टाखाली गायब होतं, ते फारच आवडलं. पेलागोस ३९ हातात घेतल्यावर आधी हलकं वाटलं, आणि मग घातलं आहे हेच विसरलो. लाँजिन सुंदर आहे, पण दोन चाव्यांतली कुठली कशाची हे मला सारखं आठवावं लागेल.

आता पेलागोस ३९ आणि फिफ्टी-फोर. बायकोचं म्हणणं, पेलागोस एखादं उपकरण दिसतं आणि फिफ्टी-फोर घड्याळ दिसतं. मला उपकरणाचं वावडं नाही. तुमचं काय मत?

अर्धातास

बेझल वापरणार असाल तर पेलागोस. फिफ्टी-फोरच्या बेझलवर सुरुवातीच्या पंधरा मिनिटांच्या बारीक रेषा नाहीत. दिसायला मोकळं वाटतं, पण मीटिंगची दहा-बारा मिनिटं मोजताना अंदाजाने वाचावं लागतं. बेझल कधीच फिरवणार नसाल तर फरक पडत नाही.

सागरतळ

पोहायला पेलागोस. अंधारात ते जास्त प्रखर दिसतं आणि खुणा ठळक आहेत. अर्धातास यांचा मुद्दाही बरोबर. बेझलची सवय लावून घ्या, मजा येते. ते एकाच दिशेला फिरतं ते यासाठी की चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही. पाण्याखाली हवेचा हिशोब असतो; तुमच्या बाबतीत फार तर मीटिंगमधून लवकर उठाल.

मनगटी

मी फिफ्टी-फोरच्या बाजूने. शर्टाखाली गायब होतं हे तुमचेच शब्द आहेत. अट कोणती होती?

गंजनको

जुन्या बाजारातून घ्यायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. पॉलिश करून करून कडा गोल झालेलं घड्याळ घेऊ नका, लगच्या (पट्टा जोडतात त्या टोकांच्या) धारा बोटाने चाचपून बघा. आणि विकणारा काहीही म्हणो, दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नका.

शांतनिळा

नवंच घेतोय. पेलागोस ३९. मनगटी, रागावू नका, पण पेलागोसही शर्टाखाली गेलं होतं, फक्त जरा सावकाश.

शेवटचा प्रश्न: ब्रेसलेटच्या किती कड्या काढायला सांगू? सकाळी सैल वाटतं आणि संध्याकाळी घट्ट.

काटेकोर

अभिनंदन! क्लॅस्पमध्ये पाच टप्पे आहेत, एकूण आठ मिलिमीटर. दुकानात जाल तेव्हा तो मधल्या टप्प्यावर ठेवायला सांगा आणि त्यावर कड्या ठरवा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. संध्याकाळी जा, हात फुगलेला असतो. सहाच्या आणि बाराच्या बाजूच्या कड्या काढताना क्लॅस्प मनगटाच्या बरोबर मधोमध येतोय का तेही बघा, घाईत असले की एकाच बाजूच्या काढून देतात. आणि काढलेल्या कड्या घरी घेऊन या.